केटो, पण घरच्याच कढईतून: रोजच्या ताटात काय आणि किती?

एकचूल

घरात चार ताटं, त्यातलं एक केटोचं, म्हणजे कार्ब (साखर-पिष्ट) अगदी कमी ठेवायच्या आहाराचं. दिवसाला २५ ग्रॅम नेट कार्बची (कार्बमधून फायबर वजा करून उरतात ते) मर्यादा, प्रोटीन ८० ते ८५ ग्रॅम, वजन ६८ किलो. शुगर-बीपीची गोळी नाही, रक्त तपासून झालंय. अंडी चालतात, चिकन आठवड्यातून दोन-तीनदा. सोमवार आणि संकष्टीला फक्त शाकाहार, अंडीसुद्धा नाहीत.

बदामाच्या पिठाचा पिझ्झा आणि चीजचे केक याबद्दल भरपूर वाचून झालं, ते नकोय. रोज रात्री आठ वाजता ताटात काय वाढायचं ते हवंय, वजनासकट. अडलेल्या जागा अशा:

भाजी कार्बात बसते, पण रस्सा केला की हिशेब बिघडतो. जवसाची भाकरी लाटताना कडेने फाटते आणि तव्यावर उलटताना मोडते. डबा नाशिकमधल्या सातपूरला जातो, सकाळी आठला भरलेला दीडला उघडतो, गरम करायची सोय नाही. फ्लॉवरचा भात तोपर्यंत पाणी सोडून लगदा होतो. आणि उपवासाला साबुदाणा, भगर, बटाटा सगळंच बाद, मग उरतं काय?

काळामसाला

पहिलं म्हणजे दोन स्वयंपाक करू नका. आठ दिवसांत कंटाळा येतो आणि केटो सुटतं. कढई एकच ठेवायची, फक्त कुठल्या टप्प्यावर केटोचा वाटा बाजूला काढायचा ते आधी ठरवायचं. बहुतेक भाज्यांत हा टप्पा गूळ, चिंच, बटाटा किंवा डाळीचं पीठ पडायच्या आधीचा असतो.

तुमचा रस्सा बिघडतो तो वाटणामुळे. चार माणसांच्या चिकन रश्श्याचं नेहमीचं वाटण बघा: कांदे ३०० ग्रॅम, सुकं खोबरं ६०, टोमॅटो २००, लसूण २०. नेट कार्ब अनुक्रमे साधारण २३, ४.५, ५.५ आणि ६. बेरीज ३९, म्हणजे वाटीमागे जवळपास १०. यात खोबऱ्याला सगळे घाबरतात, पण त्याचा वाटा सगळ्यात कमी आहे. चोर आहेत कांदा आणि लसूण. लसूण तर शंभर ग्रॅमला तीसेक ग्रॅम कार्ब देतो, आणि पेस्ट चमच्याने पडते म्हणून कोणी मोजत नाही.

कांदा परतून चॉकलेटी केला म्हणजे त्याची साखर उडून जाते असंही नाही. पाणी उडतं, साखर तिथेच राहते. शंभर ग्रॅम कांदा परतून पंचवीस-तीस ग्रॅम झाला तरी कार्ब शंभर ग्रॅम कच्च्याचेच धरायचे.

बदललेलं वाटण: कांदा ६० ग्रॅम (एक लहान), सुकं खोबरं ६०, पांढरे तीळ २५, टोमॅटो १००, लसूण १० (गावरान असेल तर पाच-सहा पाकळ्या). बेरीज १८ च्या आत, वाटीमागे ४.५. कांदा कमी केला की रस्सा पातळ पडतो, कारण दाटपणा त्याच्या गरातून येत होता. ती जागा तिळाने भरायची. खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजा, तीळ तडतडले की लगेच उतरवा. दोन्ही आधी कोरडे फिरवायचे आणि मग गरम पाणी थोडं थोडं घालत गंधासारखं बारीक वाटायचं. एकदम गार पाणी ओतलं की खोबऱ्याचे कण राहतात, तेल वर येतं आणि खाली पाणी. दिसायला तर्री छान दिसते, पण भाकरीला काही लागत नाही.

आता भरली वांगी, कारण ती आठवड्यातून एकदा होतातच. काटेरी वांगी ५०० ग्रॅम, दाण्याचं कूट ६०, सुकं खोबरं ४०, तीळ २०, काळा मसाला दोन चमचे, किसलेला कांदा ४०, लसूण चार पाकळ्या, मीठ, हळद, भरपूर कोथिंबीर. सारण कोरडं वाटलं तर एक चमचा तेल घालून मळा, पाणी नको. पाण्याने ते वांग्यातून सुटून बाहेर येतं. वांग्याला देठाकडून चार काप द्या आणि पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवून निथळू द्या. सारण भरून तीन मोठे चमचे तेलात ठेवायची, वर ताट झाकून ताटात पाणी. मंद आचेवर अठरा-वीस मिनिटं, मध्ये एकदाच उलटायची. रस्सा हवा असेल तर तेच ताटातलं गरम झालेलं पाणी घालायचं, गार पाणी घातलं की वांगं दडदडीत राहतं.

वांगी शिजली की केटोचा वाटा काढून त्यावर लिंबू पिळा. मग उरलेल्यात चिंचेचा कोळ आणि गूळ घालून पाच मिनिटं उकळी द्या, बाकीच्यांची नेहमीची भाजी तयार. केटोच्या वाट्यात आठ ते साडेआठ ग्रॅम नेट कार्ब येतात, त्यातले निम्मे नुसत्या वांग्याचे. दोन कांदे, गूळ आणि चिंच घालून केलेल्या त्याच भाजीत ताटामागे सोळाच्या आसपास जातात.

कांदा कमी केल्यावर घरचे कुरकुरतील. त्यांच्या ताटात कच्चा कांदा चिरून वाढा, विषय संपतो.

तवा_तापलाय

जवसाची भाकरी फाटते याचं कारण नव्वद टक्के वेळा पाण्यात असतं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा यावा म्हणून आपण उकळतं पाणी घालतो, इथेही तेच. जवसाच्या सालीत एक बुळबुळीत डिंक असतो, तो कढत पाण्यात फुगतो आणि पीठ धरून ठेवतो. कोमट पाण्यात तो अर्धवटच सुटतो.

चार भाकऱ्यांचं माप: जवस १०० ग्रॅम, इसबगोल ५ ग्रॅम, पाणी १५० ते १६० मिली, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तूप.

जवस मंद आचेवर तीन-चार मिनिटं, तडतड सुरू होईपर्यंतच भाजायचे. जास्त भाजले की कडू. मग पूर्ण गार होऊ द्या, हे महत्त्वाचं आहे. गरम जवस मिक्सरला लावले तर तेल सुटून भांड्याच्या तळाला गोळा बसतो. दहा-दहा सेकंद थांबून थांबून फिरवा, मग रव्याच्या चाळणीने चाळून भरड पुन्हा फिरवा. भाकरीची कड फाटते ती या भरडीनेच.

पाणी, मीठ, तूप खळखळ उकळलं की गॅस बंद करून जवस आणि इसबगोल एकदम ओता आणि उलथन्याच्या दांड्याने जोरात ढवळा. तांदळाची उकड काढतो तसंच. दहा मिनिटं झाकून ठेवायचं. लगेच मळायला गेलं की हाताला चिकटतं, आणि मग माणूस वरून अजून पीठ टाकतो, तिथेच भाकरी बिघडते. दहा मिनिटांनी तेलाचा हात लावून मळा, चार गोळे करा. कापलेल्या दुधाच्या पिशवीच्या दोन थरांमध्ये ठेवून पोळपाटावर लाटा, थापू नका. वितीपेक्षा थोडी लहान, जाडी दोन-अडीच मिलीमीटर. कड फाटलीच तर बोटाने दाबून जुळवता येते.

तवा मध्यम तापलेला हवा. टाकल्यावर कड आपोआप सुटेपर्यंत हात लावायचा नाही, दीड मिनिट तरी लागतं. उलटताना मोडते ती घाईने. दुसऱ्या बाजूला एक मिनिट आणि फडक्याने दाबायचं. फुगणार नाही, वाट बघू नका.

रबरासारखी झाली तर इसबगोल जास्त पडलंय. आतून चिकट राहिली तर जाड लाटलीय किंवा आच मोठी होती. खवट वास आला तर जवसच जुने. दळलेली जवस हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा, बाहेर ठेवली तर तिचं तेल लवकर खराब होतं.

एका भाकरीत २५ ग्रॅम जवस, नेट कार्ब अर्धा ग्रॅमही नाही, प्रोटीन साडेचार, फॅट दहा, फायबर सात-आठ. दिवसाला दोन पुरे. दोनांवर गेलं की पोट फुगतं, आणि या भाकरीवर पाणी कमी प्यायलं तर उलट बद्धकोष्ठ होतो. रोजची एखादी गोळी चालू असेल तर ती आणि ही भाकरी यात दोन तास अंतर ठेवा, इसबगोल औषध धरून ठेवतं.

एकचूल

धन्यवाद, दोघांनाही. पाणी कोमटच होतं. दोन शंका. जवसाऐवजी सोयाबीनचं पीठ चालेल का? आणि कढीत बेसन लागतंच, ते काढलं की फुटते. मग कढी बंदच करायची का?

तवा_तापलाय

सोयाबीनच्या पिठात शंभर ग्रॅमला वीसच्या वर नेट कार्ब जातात. दोन भाकऱ्यांना ५० ग्रॅम पीठ म्हणजे दहा ग्रॅम तिथेच संपले. नको.

मोजूनमापून

कढी बंद करू नका, गणित करा. चार वाट्यांची कढी: दही २०० ग्रॅम, पाणी ४०० मिली, बेसन १० ग्रॅम. दह्याचे साधारण ९, बेसनाचे ४.७. वाटीमागे साडेतीन. बेसन पूर्ण काढलं तर २.३. म्हणजे सव्वा ग्रॅमसाठी सगळ्या घराची कढी फोडायची. केटोवरची माणसं बेसन हा शब्द ऐकला की दचकतात, पण वाटीभर पिठल्यात जे बेसन जातं आणि कढीला जे नखभर लावतात त्यात फार फरक आहे.

बेसन नकोच असेल तर दह्यात एका अंड्याचा पिवळा बलक किंवा दोन चमचे बारीक वाटलेलं ओलं खोबरं घुसळा. आच मंद, उकळी फुटेपर्यंत एकाच दिशेने ढवळत राहायचं, मीठ गॅस बंद केल्यावर. दही फार आंबट असेल तर ती फुटतेच, ताजं घ्या. साखर अर्थात नाही.

आता आकड्यांबद्दल एक गोष्ट, कारण निम्म्या लोकांचा हिशेब इथेच चुकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची जी अन्नघटकांची तालिका आहे, तिच्यात कार्बच्या रकान्यातून फायबर आधीच वजा केलेलं आहे. अमेरिकी तालिकेत कार्बमध्ये फायबर धरलेलं असतं, ते आपण वजा करायचं असतं. मोबाइलमधली अॅपं दोन्हीकडचे आकडे सरमिसळ करतात. भारतीय तालिकेतल्या मेथीच्या आकड्यातून फायबर वजा केलंत तर उत्तर उणे येतं. उणे आलं की समजायचं, दोनदा वजाबाकी झाली. जिथे उणे येत नाही तिथे मात्र चूक कळतही नाही आणि माणूस २५ समजून ४० खातो.

वाट्यांनी मोजू नका. किसलेल्या खोबऱ्याची वाटी दाबून भरली तर जवळपास दीडपट वजन बसतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा घ्या, महिनाभर कच्चं वजन करा, नंतर डोळ्याला सवय होते.

डबेवाली_सातपूर

फ्लॉवर भाताचं. तीन जागी पाणी शिरतं: किसताना, मिठामुळे आणि झाकणामुळे.

मिक्सरला लावू नका, त्याचा चुरा होऊन रस सुटतो. किसणीच्या मोठ्या भोकांनी किसा, देठ वगळून. धुवायचा असेल तर अख्खा गड्डा आधी धुऊन, निथळून, फडक्याने पुसून. कीस पंचावर पंधरा मिनिटं पसरून ठेवा. हे माप एका माणसाला २५० ग्रॅम, नेट कार्ब साडेसात. रुंद कढई चांगली तापवून एक मोठा चमचा तूप, जिरं, कढीपत्ता, मग कीस. आच मोठी, झाकण नाही, चार ते पाच मिनिटं, कणकण सुटा दिसेपर्यंत. मीठ उतरवताना. आधी घातलं की मीठच पाणी ओढून काढतं. आणि एका वेळी पाव किलोच टाका. अर्धा किलो एकदम टाकला तर तो परतला जात नाही, वाफेवर शिजतो.

मग ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम भरला तर झाकणाची वाफ परत भातावर पडते आणि दीड वाजता डबा उघडताना गंधकासारखा जो वास येतो, शेजारच्या टेबलवरचे मान वळवतात, तोसुद्धा त्या कोंडलेल्या वाफेचाच. सकाळी सातला करून पावणेआठला गार झालेला भरा.

खरं तर डब्यात हा भात रोज देऊच नये. गार खायचं असेल तर सुकं द्या. पनीर भुर्जी बरी राहते: पनीर १०० ग्रॅम हाताने मोकळं करून, शिमला मिरची ७५, कांदा २०, हिरवी मिरची, हळद, दोन चमचे तेल. पनीर शेवटची दोन मिनिटंच परतायचं, जास्त ठेवलं की चिवट होतं आणि गार झाल्यावर दाताला रबर. सुट्ट्या पनीरमध्ये कधी कधी मैदा किंवा स्टार्च मिसळलेला असतो. चिमूटभर तुकडा पाण्यात उकळा, गार करा, टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं तर दुकान बदला.

दुसरा सोपा पर्याय म्हणजे कोबीचं थालीपीठ. किसलेला कोबी १५० ग्रॅम, त्याला मीठ चोळून दहा मिनिटं, मग घट्ट पिळायचा. दोन अंडी, ५० ग्रॅम कुस्करलेलं पनीर, ५ ग्रॅम इसबगोल, तीळ, ओवा, तिखट. पाच मिनिटं मुरू द्या म्हणजे इसबगोल पाणी पिऊन घेईल. तव्यावर तेल लावून थेट थापा, मध्ये भोक पाडा, झाकून चार मिनिटं, उलटून उघडं तीन मिनिटं. दोन होतात, दोन्ही मिळून साडेआठ ग्रॅम. कोबी नीट पिळला नाही तर उलटताना ते फाटणारच, त्यात अंड्याचा दोष नाही.

सध्याच्या थंडीत एक बघा. डब्यातल्या भाजीत तूप किंवा खोबरेल असेल तर दुपारी त्याचा पांढरा थर बसलेला असतो, टाळूला चिकटतो. थंडीचे महिने डब्याची भाजी शेंगदाणा तेलात करा. तूप सकाळच्या ऑम्लेटला वापरा.

बुधवारबाजार

नाशिकमध्ये केटोवाल्याने फ्लॉवर-ब्रोकोलीच्या मागे लागणं म्हणजे गंमतच आहे. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एक चक्कर मारा. गिलकी, दोडकी, दुधी, वांगी, मुळा, पालक, मेथी, कोबी, काकडी, सगळ्यांचे नेट कार्ब शंभर ग्रॅमला साडेतीनच्या आत. कारलं तर एकच्या आसपास. भेंडी सव्वाचार, तीही दीडशे ग्रॅमपर्यंत बसते. गाजर सात, बीट तितकंच, मटार आणि तुरीचे दाणे सोडून द्या. पावसाळ्यात त्र्यंबक-पेठकडून करटुली आणि बांबूचे कोवळे कोंब येतात. कोंब काप करून वीस मिनिटं उकळून ते पाणी फेकायचंच, त्यात कडवट विषारी अंश असतो. मग काळ्या मसाल्यात.

गिलक्याला पाणी सुटतं म्हणून लोक त्यात डाळ घालतात. डाळीऐवजी तीस ग्रॅम दाण्याचं कूट शेवटी पेरा, ते पाणी पिऊन घेतं.

द्राक्षांचं वाईट वाटेल पण सांगतो. शंभर ग्रॅमला सतरा. दहा मणी म्हणजे पन्नास ग्रॅम, साडेआठ ग्रॅम कार्ब. जानेवारी ते एप्रिल घरात पेटी आली की ती केटोवाल्याच्या नजरेआड ठेवा. त्याऐवजी सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी घ्या, पाच-सहा मध्यम म्हणजे साठेक ग्रॅम, साडेतीन ग्रॅम.

मिसळ: चार वाट्यांचा कट करायचा तर सुकं खोबरं ५०, कांदा ६०, लसूण १५, काळा मसाला २०, तेल ६० मिली. वाटीमागे साडेचार-पाच. मटकीऐवजी परतलेलं मशरूम १०० ग्रॅम आणि एक उकडलेलं अंडं, वर फरसाणाच्या जागी दहा ग्रॅम खारे दाणे आणि भाजलेले खोबऱ्याचे पातळ काप. एकूण आठच्या आसपास. मशरूम मोठ्या आचेवर त्याचं पाणी आटेपर्यंत वेगळं परता, नाहीतर कट पुचाट होतो. याला मिसळ म्हणावं का, हे नाशिकमध्ये मोठ्याने विचारू नका.

संकष्टीला शेंगदाण्याची आमटी. दोन वाट्यांना दाणे ५० ग्रॅम भाजून, साल काढून, हिरवी मिरची आणि जिऱ्यासोबत पाण्यात अगदी बारीक वाटायचे, तुपात जिऱ्याची फोडणी, सैंधव, दोन आमसुलं. वाटीत दोन ग्रॅम. गूळ घालायची सवय मोडा. उकळताना ढवळत राहा, दाणे तळाला लागतात. भगरीच्या जागी दुधी किसून, पिळून, तुपात जिरं-मिरचीवर परतून दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं. तुमच्याकडे दुधी उपवासाला चालत नसेल तर काकडीची खमंग कोशिंबीर, दही न घालता लिंबावर. सोबत पनीर शंभर-दीडशे ग्रॅम तुपात परतून मिरपूड. उपवासाच्या दिवशी प्रोटीन पन्नासच्या पुढे जाणं अवघड आहे, ते दुसऱ्या दिवशी भरून काढा.

मोजूनमापून

उपवासाच्या दिवशी पनीर दीडशे आणि दाणे पन्नास घेतले तरी चाळीसच. दह्याचा चक्का चालतो, पण पाणी पूर्ण गळलेला हवा. बाजारातल्या श्रीखंडाच्या चक्क्याचं पाकीट वाचून घ्या.

एकचूल, तुम्ही पूर्ण दिवस मागितला होता. असा बसतो:

सकाळी तीन अंड्यांचं मेथी घातलेलं ऑम्लेट, तूप १० ग्रॅम: नेट कार्ब २.५. डब्यात जवसाच्या दोन भाकऱ्या, वरची पनीर भुर्जी, काकडी १००: १०.५. पाच वाजता खारे दाणे २५ ग्रॅम: २. रात्री चिकन १५० ग्रॅम (कच्चं, बिनहाडाचं) बदललेल्या वाटणात आणि पालक १५० परतून: ६.५. बेरीज २१.५. उरलेले साडेतीन मसाला, लिंबू, चहातलं चमचाभर दूध यात जातात. ते मोजले नाहीत तरी असतात. प्रोटीन ९० च्या आसपास, कॅलरी पंधराशे धरा. चहा अर्धा कप दुधाचा घेतलात तर एका कपात पाच ग्रॅम गेले, दोन कपांत दहा. सगळ्यात जास्त गळती चहात होते.

साधीगोळी

स्वयंपाकावर छान चाललंय, पण हे वाचून दुसरं कोणी सुरू करेल म्हणून लिहितो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चालू असताना कार्ब एकदम कमी केले तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली शुगरची गोळी चालू असेल तर केटो करूच नका, शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढून दवाखान्यात भरती व्हावं लागतं. बीपीची गोळी असेल तर डोस बदलावा लागू शकतो. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, किडनी किंवा स्वादुपिंडाचा त्रास झालेल्या कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पहिल्या आठवड्यातलं डोकं दुखणं, पायात गोळे येणं बहुतेक वेळा मिठाचं असतं. कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंड जास्त सोडियम बाहेर टाकतं. बीपी-किडनीचा प्रश्न नसेल तर दिवसाला अर्धा चमचा जादा मीठ, लिंबूपाण्यातून किंवा पालकाच्या पातळ सुपातून, दोन वेळात विभागून. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात हे आणखी जाणवतं.

आणि तुपाबद्दल. १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी हा आहार मांडला तो फिट्सच्या रुग्णांसाठी. त्यात चार ग्रॅम फॅटला प्रोटीन आणि कार्ब मिळून एक ग्रॅम असं कडक प्रमाण वापरतात. ते उपचाराचं माप आहे. वजनासाठी घरी करताना तेवढी चरबी लागत नाही. चहात तूप घालून पिणं, भाजीवर वाटीभर तर्री ओतणं याची गरज नाही. मर्यादा कार्बला, प्रोटीन पूर्ण, आणि फॅट पोट भरेल इतकंच. काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) यावर बरंच चढतं, म्हणून लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी.

एकचूल

उकळत्या पाण्यातली भाकरी आज जमली, चारपैकी तीन अखंड उतरल्या. चौथी मी लवकर उलटली. एक राहिलं: वाटण आठवडाभराचं करून ठेवता येईल का? रोज तीळ-खोबरं भाजायला वेळ नाही.

काळामसाला

येईल, पण कोरडंच. खोबरं, तीळ भाजून कोरडे दळा, त्यात कांदा-लसूण-टोमॅटो मिसळू नका. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये दहा-बारा दिवस राहतं. वेळेला चार माणसांना ८५ ग्रॅम काढून कढत पाण्यात पाच मिनिटं भिजवायचं, मग मिक्सरला एकच फेरा. बरणीत ओला चमचा घातला की तीन दिवसांत खवट. लसूण आयत्या वेळी ठेचा, तेवढाच मोजूनही होतो.